वही उन्मेषला मिळू नये

मी, सुनंदा हेमचंद्र कर्णिक, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय पूर्वी परिचारिका, आता निवृत्त, राहणार अंबरनाथ पूर्व, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्याचा नंबर वाढला तरी माझे अक्षर मला वाचता येते, आणि हे मृत्युपत्र कोणी दमदाटी करून, गोड बोलून किंवा रडून माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला घाई करावी असा आजारही नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने जे केले त्यानंतर मात्र हे काम पुढे ढकलावेसे वाटेना. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यातल्या रिकाम्या जागा मला पुरल्या नाहीत, म्हणून हे साध्या कागदावर माझ्या हाताने लिहिले आहे.

कलम १. माझे पती हेमचंद्र २००७ साली वारले. मुलगा एकच, उन्मेष, वय पस्तीस, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व. त्याची पत्नी राजसी. माझा धाकटा भाऊ शशिकांत हाही शिरगावलाच राहतो. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम मी त्याच्यावर सोपवते. तो वेंधळा आहे, चाव्या फ्रीजमध्ये ठेवतो, पण खोटे बोलत नाही आणि सध्या मला तेवढेच पुरे आहे.

कलम २. अंबरनाथ पूर्वेचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. तो राजसी व उन्मेष यांना निम्मा निम्मा मिळावा. कागदोपत्री राजसीचे नाव आधी लावावे. उन्मेषचे नाव मुळीच लावू नये असे चार दिवस माझ्या मनात होते. शशिकांत म्हणाला, "ताई, फुटबॉलवरून कोणी पोराचं घर काढून घेतं का?" मी त्याला म्हटले की हे फुटबॉलवरून नाही. तरी फ्लॅट राहू दिला, कारण तो हेमचंद्रांनी माझ्या नावावर घेतला होता आणि त्यांचे उन्मेषशी काही भांडण नव्हते.

कलम ३. बँकेतली ठेव, पाटल्या आणि मोत्यांची कुडी राजसीला. या प्रकरणात नवऱ्याला तोंडावर चूक म्हणणारी ती एकटी निघाली.

कलम ४. मी एकतीस वर्षे उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात होते, त्यातली शेवटची बारा वॉर्डची सिस्टर इनचार्ज म्हणून. गुडघा किती वाकतो ते मोजायची प्लास्टिकची कोनपट्टी, व्यायामाची वाळूची वजने आणि रबरी पट्टे पलंगाखालच्या पेटीत आहेत. ते माझ्या हाताखाली शिकलेल्या किर्तीला द्यायचे होते. पण किर्ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. म्हणून पेटी वॉर्डाला द्यावी. तिथे ती किर्तीच वापरील.

कलम ५. आता ज्यासाठी हा खटाटोप आहे ते. माझ्या तेरा वह्या आहेत, निळ्या पुठ्ठ्याच्या. त्यातली एकही उन्मेषच्या हाती पडू नये.

वह्या कसल्या ते लिहिणे भाग आहे, नाहीतर कोर्टात वाटेल की म्हातारीचे प्रेमपत्र वगैरे आहे. २०१३ पासून दर ऑगस्टमध्ये शशिकांतच्या घरी आम्ही आठ जण जमतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. परदेशातल्या फुटबॉलच्या लीगमधले खेळाडू पाळीपाळीने निवडायचे. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला घेता येत नाही. मग वर्षभर ते खेळाडू तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडे आपल्या खात्यावर. पैसे लावत नाही. जो जिंकतो त्याचे नाव शशिकांत आपल्या गॅलरीच्या भिंतीवर रंगाने लिहितो. त्या भिंतीवर माझे नाव पाच वेळा आहे.

बाकीचे लोक पहिल्या पाळ्यांमध्ये नावाजलेल्यांवर तुटून पडतात. मीही त्यातले दोनतीन घेते. पण माझी खरी निवड पाचव्या पाळीपासून सुरू होते, जेव्हा लोक समोसे खायला लागतात. तेव्हा मी जे उचलते त्यांना आमच्यात "सुनंदाताईंचे पेशंट" म्हणतात. वर्षभर ऑपरेशन होऊन पडलेला, संघातून बाहेर बसवलेला, मागच्या हंगामात ज्याला प्रेक्षकांनी शिव्या घातल्या असा. त्यांना कोणी विचारत नाही. मी विचारते, कारण दुखापतीतून माणूस कसा उठतो हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे. मी त्यांचे गोल पाहत नाही. सरावाचे व्हिडिओ पाहते. बुटाची लेस बांधायला दुखरा गुडघा जमिनीवर टेकवतो का, की दुसरा टेकवतो? पाण्याची बाटली उचलायला कमरेतून वाकतो की गुडघ्यातून? घोट्याचा माणूस लवकर परततो आणि पुन्हा जातो. गुडघ्याचा उशिरा येतो पण मग टिकतो. एका मिडफिल्डरला काहीच झाले नव्हते, त्याला जुळे झाले होते आणि झोप नव्हती. मी त्याला सातव्या पाळीला घेतला. पोरे सव्वा वर्षाची झाल्यावर तो असा खेळला की आमच्या आठांतल्या गुरुदत्तने मला फोन करून विचारले, "ताई, तुम्हाला कुठनं कळतं हे?"

हे सगळे वह्यांत आहे. एकेका खेळाडूला एक पान, वॉर्डात केसपेपर ठेवायचे तसे.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी उन्मेष जेवायला आला. मी त्याच्यासाठी कोलंबीची खिचडी करत होते. तो बाहेरच्या खोलीत होता आणि नवी वही टीव्हीखालच्या खणात. त्याने सात पानांचे फोटो काढले. खिचडी दोनदा वाढून घेतली, "मस्त झालीय आई" म्हणाला आणि गेला. त्याचे फुटबॉलवर एक व्हिडिओ चॅनेल आहे, ते मला माहीत होते. त्यावर तो काय सांगतो ते मी कधी पाहिले नव्हते, कारण आपल्या मुलाला प्रमाण मानून टीम निवडली असे कोणी म्हणू नये.

पुढच्या रविवारी ड्राफ्ट. उन्मेष आला नाही, काम आहे म्हणाला. पाचवी पाळी आली, मी समोसे येण्याची वाट पाहत होते. समोसे आले आणि कोणी हात लावला नाही. संतोषने माझा पहिला पेशंट उचलला. मग बबनने दुसरा. मला वाटले योगायोग असेल. तिसरा गेला तेव्हा मी वही मिटली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना चालवणारा गुरुदत्त माझ्या शेजारी होता. त्याची पाळी आली, त्याने चौथ्याचे नाव घेतले आणि लगेच माझ्याकडे वळला. "ताई, सॉरी हां. उन्मेषने व्हिडिओ टाकलाय, सगळ्यांनी बघितला. हा तुमचाच आहे, मला माहितीये. तुम्ही घ्या, मी दुसरा उचलतो."

मी म्हटले, नाव घेतले की घेतले, नियम आहे. उरलेल्या पाळ्यांना मी कोणाला निवडले ते आठवत नाही.

तो व्हिडिओ किर्तीने मला दाखवला. सातही खेळाडू माझ्याच क्रमाने. वाक्येही माझी. "गुडघ्याचा उशिरा येतो पण टिकतो", हे त्याने बोट उचलून सांगितले. खाली कोणीतरी लिहिले होते, भाई, हे सगळं शिकलास कुठे? तर पुढच्या व्हिडिओत त्याने हसून उत्तर दिले, "खुद का अभ्यास, भाई. आमच्या घरात फुटबॉल कोणालाच कळत नाही. आई तर अजून विचारते, ऑफसाइड म्हणजे काय."

चोरी मी गिळली असती. आईच्या खणातून काय काय घेतात मुले. पण ज्याने मला ऑफसाइड शिकवला त्यानेच हे सांगावे, ते मात्र गिळवत नाही. माझी फसवणूक झाली आहे असे मी सरळ लिहिते.

सबब या तेरा वह्या गुरुदत्तला द्याव्यात. तो माझा सगळ्यात कडवा प्रतिस्पर्धी आहे, आणि घेतलेला माणूस परत देऊ करणारा त्या खोलीत तो एकच होता.

कलम ६. ड्राफ्टमधली माझी जागा राजसीला. तिला ऑफसाइड मी शिकवला आहे, चहाचे कप मांडून, एका दुपारी. गुरुदत्तने तिला वह्या पाहू द्याव्यात, पण घरी नेऊ देऊ नयेत.

कलम ७. माझ्या मृत्यूविषयी उन्मेषने व्हिडिओ करू नये. फोटोला हार घालून तर मुळीच नाही.

कलम ८. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. दोन्ही गुडघे पुरते झिजले आहेत, विद्यार्थ्यांना पाहण्यासारखे आहेत. दहावे, तेरावे नको. शशिकांतला करायचेच असेल तर त्याने आपल्या समाधानासाठी करावे, मला मध्ये घेऊ नये.

कलम ९. इथे मृत्युपत्र संपवून सही करायची होती. पण उन्मेष मागच्या गुरुवारी आला होता आणि ते लिहिले नाही तर मी वर जे लिहिले ते अर्धे राहील.

मी त्याला विचारले, का केलेस? तो आधी म्हणाला, "चिल ना आई, गेम आहे." मग मोबाइल हातात फिरवत म्हणाला, "जगातल्या सगळ्या गुडघ्यांवर तुझा विश्वास आहे. कुठला कोण ब्राझीलचा, त्याचं तू एक पान लिहितेस. माझं एक पान लिहिलंस कधी?" आणि चहा न घेता गेला.

उन्मेष अठराव्या वर्षी जिल्ह्याच्या संघात खेळत होता. २००८ च्या जानेवारीत त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. आमच्याच वॉर्डात ऑपरेशन झाले. सहा महिने तो घरी पडून होता, टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस पाहत, आणि मी ड्युटीवरून आले की त्याच्याजवळ बसत असे. फुटबॉल मी तिथे शिकले. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून मला आत बोलावले, मी त्यांची सिस्टर म्हणून. बाहेर येऊन मी उन्मेषला सांगितले की डॉक्टर म्हणतात, खेळणे आता कायमचे बंद. तो रडला नाही. डिप्लोमाचा फॉर्म त्याने त्याच आठवड्यात भरला.

डॉक्टरांनी तसे म्हटले नव्हते. ते म्हणाले होते, नऊ महिन्यांनी खेळू दे, पोराचा पाय उत्तम आहे. तशी चिठ्ठीही दिली होती. हेमचंद्र जाऊन वर्षही झाले नव्हते. मला घरात आणखी कोणी पडलेले बघवणार नव्हते, आणि डिप्लोमा झाला की नोकरी लागेल एवढेच मला दिसत होते. मी घाबरले. दहाव्या महिन्यात तो आमचा जिना कठड्याला हात न लावता धावत उतरला. मी वरच्या पायरीवर उभी राहून पाहिले आणि आत येऊन कुकर लावला. डॉक्टर आता हयात नाहीत, म्हणून हे मला एकटीला माहीत आहे.

माझा राग खरा आहे आणि वरचे एकही कलम मी मागे घेत नाही. पण ती चिठ्ठी माझ्या कपाटात, शालींच्या खाली, रुग्णालयाच्या पाकिटात आहे. ती शशिकांतने उन्मेषला हातात द्यावी, टपालाने किंवा मोबाइलवर फोटो पाठवून नाही. उन्मेष मंगळवारीही येणार आहे. तेव्हा मी ती देऊ शकते, आणि देणार नाही हे मला माहीत आहे.

मी हे सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

सुनंदा हेमचंद्र कर्णिक
(सही)

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की श्रीमती सुनंदाताईंनी आमच्या देखत, शुद्धीवर असताना, प्रत्येक पानावर सही केली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या. कलम एक ते आठ त्यांनी आम्हाला वाचून दाखवले. नववे कलम त्यांनी तळहाताखाली झाकून धरले होते, ते आम्ही वाचलेले नाही.

साक्षीदार १. किर्ती मोरेश्वर ठोंबरे, परिचारिका, उल्हासनगर
साक्षीदार २. बबन नारायण सोनावळे, निवृत्त फिटर, शिरगाव, बदलापूर पूर्व

स्थळ: अंबरनाथ पूर्व
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार