परतीचा विमा

पौष वद्य ५, बुधवार. देवास.

मला कोणी विचारलं नाही. आगबोटीवर कोण कोण जायचं ते ठरलं, त्यात माझं नाव लागलं, आणि मला कळलं कोणाकडून, तर दूध घालणाऱ्या गेंदाबाईकडून. दारातूनच म्हणाली, "माजी, तम समंदर पार चाल्या?" म्हटलं, सकाळीच भांग घेतलीस का? तर म्हणे आखा बाजार बोलतो आहे. पोटचा मुलगा जहागिरीच्या कचेरीत कारकून, दोन्ही वेळा माझ्या हातचं जेवतो, आणि त्याच्या तोंडातून अक्षर नाही.

श्री गजानन प्रसन्न. हे वर लिहायचं असतं. राहिलं. राहू दे.

संध्याकाळी वासुदेवाला धरलं. "आई, सांगणारच होतो." कधी, मुंबईच्या धक्क्यावर? मग बोलला. जहागीरदारांच्या बाईसाहेबांचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणतो, विलायतेच्या दक्षिणेला इटली म्हणून मुलूख आहे, तिथे समुद्राकाठी ऊन कोवळं, हा उन्हाळा तिथे काढा. सरकारांना सफर पाहिजेच होती, त्यांना खोकला पावला. आणि बाईसाहेब दुखण्यात माझ्याच हातचा भात खातात, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. म्हणून मी.

"मी सरकारांना हो म्हणून आलो," म्हणाला.

माझ्या वतीने हो. त्याच्या वतीने मी कधी कोणाला हो म्हटलं असतं तर

जाऊ दे. दिवा वाया जातो.

वद्य ७, शुक्रवार.

घरात बोलणं एकच चालू आहे, मी आले की बंद. सून चुलीपुढे, तवा आपटते. म्हटलं, जायचं मला, तोंड तुझं का उतरलं? म्हणाली, "कमळीचं कसं व्हायचं?" मला वाटलं होतं, तुमचं कसं व्हायचं म्हणेल. असो.

तिचंही खोटं नाही. कमळी आमची एकच. तिचं धारला ठरत आलं आहे. मुलाकडचे कडक. बाप वैदिक, आई त्याहून वैदिक. त्यांच्या अंगणात परक्याची सावली पडली तरी सारवतात. समुद्र ओलांडून आलेली आजी ज्या घरात रांधते त्या घरची मुलगी ते कशाला करतील?

कमळीला विचारलं, तुला काय वाटतं ग? "आजी, इटलीत माकडं असतात?" हिचं लग्न करताहेत.

वद्य ८, शनिवार.

विमेवाला आला. इंदूरचा. कोट, टोपी, अर्धं मराठी अर्धं हिंदी. सरकारांनी बरोबर येणाऱ्या सगळ्यांचा विमा उतरवायचं ठरवलं आहे, नोकरमाणसांचासुद्धा. हप्ता सरकारांचा. कोणत्या तऱ्हेचा घ्यायचा ते ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ठरवावं. ओसरीवर सतरंजी घातली, त्याने कागद पसरले.

"माजी, ऐसा समझो. एक साधा. बोट बुडाली, ताप आला, काहीही झालं आणि तुम्ही गेलात, की वासुदेवरावांच्या हातात रक्कम. दुसरा भारी. त्यात हात, पाय, डोळे पण आले."

डोळ्याचं काय, पायाचं काय, सगळं वाचून दाखवलं. उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त. म्हटलं, आणि जीभ गेली तर? बिचाऱ्याने कागद खालीवर केले. "जिभेचं कलम नाही, माजी." आतून सून म्हणाली, "जीभ गेली तर आम्हीच कंपनीला काही देऊ." वासुदेव हसला. मी पण हसले. बोलली चांगलं.

वय विचारलं. म्हटलं, सत्तावनच्या गदरात मी आईच्या कडेवर होते. त्याने बोटांवर हिशेब केला, काहीतरी लिहिलं. दात बघू लागला. म्हटलं, सरदारपुरच्या बाजारात बैल घेतोस का रे?

मग म्हणाला, एक सवाल रिवाजाचा आहे. ज्याला पैसे मिळायचे त्याने सांगायचं, ह्या गेल्या तर त्याचं नुकसान काय. कंपनीला लागतं.

वासुदेव आढ्याकडे बघत राहिला. आढ्यात पाल होती.

मीच म्हटलं, लिहा, मी मेल्याने काही नाही, मी नाही म्हटलं तर ह्याची नोकरी जाईल. विमेवाला म्हणाला, "माजी मजाक करती हैं." जागा कोरी सोडली. पुन्हा येईन म्हणाला.

उठता उठता विचारलं त्याला. मेले तर हा कागद, लुळी झाले तर तो. आणि धडधाकट परत आले तर कोणता?

"फिर तो सवालच नाही! परत आलात म्हणजे आनंद!"

आनंद म्हणे. हा विमेवाला कधी आमच्या ब्राह्मणांत राहिलेला नाही.

ट्रंकांचाही विमा आहे. हरवली तर भरपाई, सापडली तर घरपोच. ट्रंकही समुद्र ओलांडूनच येते ना? तिला प्रायश्चित्त नाही. तिला उचलून आत घेतात.

वद्य ११, मंगळवार.

वा. धारला गेला होता, आज आला. सोयऱ्यांना भेटला. पाय धुताना म्हटलं, काय म्हणाले? "जमलं." काय जमलं? "जमलं म्हणजे जमलं, आई. लग्न येत्या वैशाखात धरू म्हणतात." म्हणजे मी तिकडे असताना. बरं. मी नसले तर जेवणावळ कोण बघणार विचारलं, तर पंचाने तोंड पुसत आत गेला. फार वेळ तोंड पुसत होता.

मेतकूट केलं. भाजणी झाली. आगबोटीवर मला वेगळी चूल देणार आहेत असं सरकारांनी कबूल केलं आहे, निरोप आला. गंगोदकाचा गडू कासाराकडून डाख लावून बंद करून घेतला. सांडगे वाळत घातले तर कावळ्यांनी अर्धे नेले. कावळ्यांना आत्तापासून घाई.

माघ शु. ४, बुधवार.

गणेशजयंती. तिळाचा नैवेद्य केला. विमेवाला नेमका आरतीला आला. प्रसाद खाऊन कागद काढले.

साधा की भारी, हा प्रश्न मिटला. वा. म्हणाला साधा घ्या. हातपाय शाबूत राहतील आईचे. बरं. मग त्याने दुसरं काढलं. एकेरी की दुहेरी? एकेरी म्हणजे मुंबईहून निघाल्यापासून तिथे मुक्काम संपेपर्यंत. दुहेरी म्हणजे परतीची बोट मुंबईला लागून घराचा उंबरा चढेपर्यंत. सरकारांनी स्वतःचा, बाईसाहेबांचा, खानसाम्याचासुद्धा दुहेरीच घेतला आहे.

वा. म्हणाला, "एकेरी पुरे."

मी गणपतीपुढचं निरांजन उचलत होते. परत खाली ठेवलं.

विमेवाला म्हणाला, "वासुदेवराव, हप्ता तर सरकारच भरणार. दुहेरी घ्या ना."

"नको. उगाच सरकारांवर भार. एकेरी पुरे."

असेल. सरकारांचा पैसा वाचवायची ह्याला लहानपणापासून खोड. नाही, लहानपणापासून नाही. कचेरीत लागल्यापासून. असेलही पैशाचंच. पण माझ्याकडे बघून बोलला नाही.

वा.ची सही सोमवारी. तोवर सरकारांची मोहोर व्हायची आहे.

शु. ५, गुरुवार.

सुनेला मागच्या पडवीत गाठलं. तांदूळ निवडत होती. मीही बसले, सूप घेतलं. म्हटलं, धारला काय जमलं ते सांग. तू सांगितलंस म्हणून मी कोणाला सांगणार नाही.

सांगितलं. धारच्यांची अट. मी गेले तर गेले, ती चाकरी, त्यांना कळतं. पण परत आल्यावर ह्या छपराखाली यायचं नाही. प्रायश्चित्त घेतलं तरी नाही. ते म्हणतात प्रायश्चित्ताने माणूस शुद्ध होतो, लोकांची तोंडं होत नाहीत. मग वासुदेवाने तिथेच शब्द दिला. नेमावरला नर्मदेच्या घाटावर एक खोली बघायची. परस्पर तिथे. "नर्मदामाई आहे, देवळं आहेत, सासूबाई. कोणीही म्हातारपणी हेच मागतं."

म्हटलं, मी मागितलं का?

तिने तांदूळ बाजूला सारले. मग एकदम म्हणाली, "मी वाईट नाही. कमळीचं मोडलं तर उद्या तुम्हीच मला बोलाल."

बोलेन. खरं आहे ते.

"आणि त्यांनी सांगायचं होतं तुम्हाला. मी म्हटलं होतं सांगा. ते म्हणाले, आई परत आल्यावर सांगू."

परत आल्यावर. म्हणजे मुंबईला बोटीतून उतरले की सांगणार, आई, घर उजवीकडे नाही, डावीकडे. तरीच एकेरी पुरे.

तांदळात खडे फार निघाले. इंदूरचा माल.

शु. ७, शनिवार. रथसप्तमी.

बाईसाहेबांकडे गेले. मनात ठरवून गेले होते, नाही म्हणायचं. पाय दुखतात म्हणायचं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणायचं. खोटं कशाला, सरळ नाही म्हणायचं.

गच्चीवर उन्हात बसल्या होत्या, शाल गुंडाळून. हाताची काडी झाली आहे. मला बघून म्हणाल्या, "काकू, तुमच्यामुळे मला जायचा धीर आला हो. नाहीतर मी कशाला जाते त्या गोऱ्यांच्यात? मी यांना सांगितलं, काकू नाहीत तर मीही नाही." वर म्हणाल्या, "हे फार चिडले होते. म्हणाले, वासुदेवानं म्हातारीला तयार केलं नाही तर त्याचं कचेरीत काम काय?" हसून सांगितलं. त्यांना ती गंमतच वाटते.

मग काय बोलणार? मी म्हटलं, भाताला तिकडे कोणतं पाणी घेणार?

नेमावरचं सांगितलं त्यांना, मोघम. म्हणाल्या, "इतकंच ना? परत आल्यावर आमच्याकडे या. मुदपाकखान्यामागे खोली आहे." त्यांनी मनापासून म्हटलं. पाठीमागे खोली, पुढे खोली, घाटावर खोली. माझ्यासाठी जिकडेतिकडे खोल्या आहेत. घर कुठे आहे ते कोणी सांगत नाही.

पायरी उतरताना मोजत बसले नाही, पण एकीवर जरा थांबले. गेले तर घर गेलं. नाही गेले तर वासुदेवाची नोकरी गेली, मग कमळीचं लग्न कोण करतो? ह्या दोन दारांच्या मधे मला उभी करून दोन्हीकडून म्हणतात, काकू, आत या.

शु. ८, रविवार.

वा. दिवसभर घरीच, आज सुट्टी. समोर येत नाही. मी विहिरीकडे गेले की तो देवघरात, मी देवघरात की तो गाईकडे. आमची गाय दोन वर्षांपूर्वीच गेली. रिकाम्या गोठ्यात काय बघतो?

दुपारी पानावर धरला. आमटी वाढता वाढता म्हटलं, नेमावरचा घाट चढायला फार आहे का रे? घास तोंडातच. सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही, आमटीकडे. "आई, तुला त्रास नको म्हणून..." पाणी प्याला. उठला. पान अर्धं टाकलं. माझ्या हातचं पान त्याने आजवर टाकलं नव्हतं.

सून मागे म्हणाली, "ते रडताहेत तिकडे." म्हटलं, रडू दे. मला रडून सांगायला नको, बोलून सांगायला हवं. "तुम्ही काय करणार, सासूबाई? जाणार की नाही?"

जाणार. न जाऊन सांगते कोणाला? बाईसाहेबांची हाडं बघितली मी. त्या पोरीला तिकडे कोणी भात देणार नाही. मेतकूट बांधलं आहे. नेसायचं तांबडं अलवण धुवून वाळत घातलं आहे. चूल वेगळी मिळणार आहे, नाही मिळाली तर सरकारांची खैर नाही.

पण सही मी सांगेन तेव्हा.

उद्या विमेवाला मोहोर झालेले कागद घेऊन येईल. कागदावर ती कोरी जागा अजून तशीच आहे. मी गेले तर ह्याचं काय नुकसान. त्यात काय लिहायचं ते वा.ने लिहावं, मला वाचायचं नाही. मला माझा प्रश्न विचारायचा आहे, सगळ्यांदेखत, विमेवाल्यादेखत. मी जिवंत परत आले तर ह्या दारात मला घेणार का नाही?

हो म्हण, नाही म्हण. नाही म्हटलास तरी मी जाईन, पण मग मला ठाऊक असेल आणि तुलाही.

सुनेला आत्ताच सांगून ठेवलं आहे, उद्या तू आतून बोलायचं नाहीस. बाईसाहेबांची चिठ्ठी आली तर उघडायची नाही. धारच्यांचं नाव काढायचं नाही. माझा मुलगा माझ्यासमोर बसेल, मान वर करेल, आणि उत्तर तोच देईल. दुसऱ्या कोणी द्यायचं नाही.