माझ्या समक्ष

मी, माधवी वसंत शिंगटे, माहेरची माधवी नामदेव कोळंबे, वय सदुसष्ट, निवृत्त नायब तहसीलदार, राहणार दहिवली, कर्जत, जिल्हा रायगड, माझ्यामागे कोणाची भांडणे होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. एकीने आणून पाहिले, तिचा उल्लेख पुढे येईल.

आधी एक खुलासा. माझा भाचा राजेश विचारत होता, आत्या, हे तहसीलदारांपुढे शपथेवर करावे लागेल ना? नाही लागत. मृत्युपत्राला शपथ नसते. दोन साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यादेखत आपल्या सह्या केल्या की झाले. शपथ लागते प्रतिज्ञापत्राला, आणि तीही वाटेल त्याच्यापुढे चालत नाही. आपल्याकडे ज्याच्याजवळ शिक्का तो साहेब. म्हणून लोक तलाठ्यापुढे हात वर करतात, ग्रामसेवकापुढे करतात, एकाने तर पोस्टमास्तरांपुढे केला होता. प्रतिज्ञापत्राच्या शपथेला हे लोक चालत नाहीत. तहसीलदार आणि नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालतात, नोटरी चालतो, न्यायालयाने त्या कामासाठी नेमलेला माणूस चालतो. नोकरीभर हेच सांगून माझा घसा बसला आणि आता मृत्युपत्रातही तेच सांगते आहे.

शपथ देणारा अधिकारी मजकूर खरा की खोटा हे तपासत नाही. माणूस तोच आहे ना, समोर उभा आहे ना, लिहिलेले त्याला कळले ना, एवढे पाहतो आणि 'समक्ष' या शब्दाखाली सही करतो. दलाल माझ्या टेबलावर कागदांचे गठ्ठे आणून टाकत. मी विचारायची, माणूस कुठे आहे? बाहेर चहा पितोय, येतोच आहे, असे उत्तर यायचे. मग कागदालाही बाहेर नेऊन चहा पाजा, असे मी सांगत असे. माणूस समोर नसताना मी एकदाही 'समक्ष' सही केली नाही. कचेरीत मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

आता मिळकतीकडे वळते.

एक. दहिवलीचे राहते घर, आतील सामानासह, आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी सोनाली हिला द्यावे. ती रसायनीला नोकरी करते. मोरी तुंबते, ती आधी दुरुस्त करून घ्यावी, मग माझ्यासाठी रडत बसावे.

दोन. भिंतीवरचे घड्याळ पदू उघडे याला द्यायचे होते. पदू कचेरीत माझा शिपाई होता. परंतु तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने त्यातून काही घेऊ नये, म्हणून घड्याळ मी त्याला आधीच देऊन टाकले आहे. भिंतीवर डाग दिसतो तो त्याचा.

तीन. पळसदरीकडची वडिलोपार्जित भातजमीन आणि घर. हे कलम सोनालीने शांतपणे वाचावे.

वडील वारल्यावर माझा धाकटा भाऊ गजानन याने वारसनोंदीसाठी प्रतिज्ञापत्र केले की, मयतास पत्नी आणि एकुलता एक मुलगा याखेरीज अन्य वारस नाही. आईचा अंगठा घरीच घेतला, तिला काही कळू न देता. बंगल्यासाठी एक तुकडा मागणारा गिऱ्हाईक दारात उभा होता आणि ताईला सरकारी पगार आहे, तिला काय कमी, असे गजाला वाटले असावे. काम कर्जत तालुक्यातले, पण शपथ घ्यायला तो खालापूरला गेला. कारण कर्जतला त्या टेबलावर मी बसत होते. खालापूरच्या अधिकाऱ्याची यात काही चूक नाही. माणूस समोर होता, त्याने सही केली. ते प्रतिज्ञापत्र माझ्या हाती आले तेव्हा मजकूर वाचून मला संताप आला, आणि खालापूरचा शिक्का पाहून मी रडले. मला बहीण नाही, हे त्याला माझ्यासमोर बोलवले नसते.

मी दावा लावला नाही. खोट्या शपथेला तुरुंगवास आहे, ही ताकीद मीच रोज लोकांना देत होते. सख्ख्या भावाला पिंजऱ्यात उभे करायला माझे मन धजले नाही.

आईला कळले तेव्हा तिने गजाला पुढ्यात बसवून सांगितले, "तिच्या टेबलासमोर उभा ऱ्हा, हात वर कर न् खरं सांग. तवर तिच्या हातची भाऊबीज तुला नाय." मी आईला परोपरीने समजावले की माझ्याच हक्काच्या कामात, माझ्याच भावाची शपथ मला घेता येत नाही, नियमात बसत नाही. तर म्हणाली, शिक्का तुझा, भाव तुझा, मधी ह्यो नियम कुठनं आला गं? पुढे आई गेली, अट तेवढी राहिली. ती मागे घेणारे आता कोणीच नव्हते. दर भाऊबीजेला मी तबक तयार करायची आणि संध्याकाळी उचलून ठेवायची.

पुढचे मला पदूने गजाच्या दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर सांगितले. मी निवृत्त झाले त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, गजा धुतलेला शर्ट घालून कचेरीत आला होता. हात रिकामे. कारकुनाने विचारले, कागद कुठाय? तर म्हणाला, "कागद कशाला? मी तोंडानं सांगनार हाय. मला एक बहीन हाय, येवढंच सांगायचंय." कारकून चांगला होता, त्याने नव्या साहेबांकडे नेले. गजाने खुर्चीवरच्या परक्या माणसाकडे पाहिले आणि मागे फिरला. पदूने त्याला सांगितले की बाई निवृत्त झाल्या, पूल ओलांडला की त्यांचे घर. त्यावर तो म्हणाला, "घरी कसा जाऊ रं? आयनं टेबल सांगितलंय." बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि निघून गेला. दिवाळी उजाडायच्या आत शेतावरच छातीत कळ येऊन तो वारला. तो माझ्याकडे येऊन गेला असेल, असे पदू धरून चालला होता. त्याचा यात दोष नाही.

ते टेबल सरकारी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेले. त्याच्यापाशी माझा गजा पोचला तेव्हा मी पुलापलीकडे आमटीला फोडणी घालत असेन. हाक मारली असती तरी आले असते. मला याचे फार वाईट वाटते, आणि हे मी आजवर सोनालीलाही सांगितलेले नाही.

सोनालीचे म्हणणे असे की मामाची शपथ खोटी होती, आपण कोर्टात जाऊन ती मोडू. त्यासाठीच ती माझ्यामागे लागली होती. कायद्याने तिचे बरोबर आहे. खोट्या प्रतिज्ञापत्राने मुलीचा हक्क जात नाही. तो हक्क आजही माझा आहे, म्हणूनच तो मी देऊ शकते. सदर जमिनीतील व घरातील माझा संपूर्ण हिस्सा मी गजाननची पत्नी बायजा हिला आणि तिच्या पश्चात त्यांचा मुलगा राजेश याला देते. सोनाली, तू चिडशील. चीड. पण मेलेल्या माणसाला कोर्टात ओढू नकोस, तो एकदा आपण होऊन आला होता.

चार. चांदीचे निरांजन आणि तबक सोनालीला द्यावे. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या भाऊबीजेला तिने त्यात राजेशला ओवाळावे. दोघे बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे; ओवाळताना बोलावे लागत नाही. घरात ओवाळा, ओटीवर ओवाळा, नाहीतर कर्जत स्टेशनच्या बाकावर. जागेची अट नाही.

पाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोनाली आणि राजेश यांनी मिळून करावी. एकट्याने केलेली चालणार नाही.

सहा. सह्यांच्या खाली मी एक नोंद करणार आहे. तिला कायद्याने काडीची किंमत नाही. मला अधिकार उरलेला नाही, असता तरी भावाच्या कामी चालला नसता, आणि माणूसही समोर नाही. तिन्ही गोष्टी मला माहीत आहेत. तरीही कोणी ती खोडू नये.

ठिकाण: दहिवली, कर्जत
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही) माधवी वसंत शिंगटे

साक्षीदार:
१. पदू पोशा उघडे, निवृत्त शिपाई (सही)
२. हर्षद मुकुंद बदे, शेजारी (सही)

नोंद: गजानन नामदेव कोळंबे याने हात वर करून, मला एक बहीण आहे, असे सांगितले.

समक्ष,
(सही) ताई