किल्ल्याच्या दारापर्यंत

मी, राधा रतन तांबे, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार जोगेश्वरी पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा विशाल याला त्याबद्दल शंका आहे, म्हणून दोन डॉक्टरांचे जोडले आहेत.

१. राहते घर मुलगी शीतल व मुलगा विशाल यांना निम्मे-निम्मे. दागिने शीतलचे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी घरात ती एकटीच आहे.

२. माझे हेडफोन वरच्या मजल्यावरच्या जयंतीभाईंना. माझ्या व्हिडिओ गेमच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडते, अशी तक्रार त्यांनी सोसायटीच्या सभेत केली होती. स्वतःचा रेडिओ मात्र ते पहाटे पाचला अख्ख्या इमारतीला ऐकवतात. हेडफोन त्या रेडिओला लावावेत.

३. जाड पाठीचा टीव्ही, जुना व्हिडिओ गेम, त्याच्या कॅसेटी, लॅपटॉप आणि रेकॉर्डिंगची डबी हे सगळे विशालला. वापरायची रीत अशी: गेममधून येणारी पिवळी वायर दोन ठिकाणी न्यावी, एक टीव्हीला, एक डबीतून लॅपटॉपला. खेळताना टीव्हीकडेच बघावे. लॅपटॉपवर चित्र क्षणभर उशिरा येते, त्याच्याकडे बघून उडी मारली की माणूस खड्ड्यात. पहिले दोन महिने मी खड्ड्यातच होते. आवाजाची पांढरी वायर लावायला विसरू नये. माझे अकरा व्हिडिओ मुके आहेत.

४. विशाल या सगळ्याला पोरखेळ म्हणतो. दीड वर्षापूर्वी त्याने पाहुण्यांसमोर मला सुनावले, "लोकांच्या आया विहारात जातात, तू खड्ड्यांवरून उड्या मारत बसतेस." मीही गप्प बसणारी नव्हे. म्हटले, "विहारात जाते की रे. तूच दिसत नाहीस तिथे." तेव्हापासून तो मुलुंडहून इकडे फिरकलेला नाही. फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो आणि ठेवतो.

मी हा गेम का खेळते हे त्याला ठाऊक नाही, ते इथे लिहिते. १९९६ साली, बारा वर्षांचा असताना, तो या गेममधल्या शेवटच्या किल्ल्याच्या दारात पोहोचला होता. हा गेम काहीही लक्षात ठेवत नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून विशाल तो पॉज करून क्लासला गेला. मी ड्युटीवरून आले तर लाल दिवा चालू, अडॅप्टर तव्यासारखा तापलेला. बटण बंद केले. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही आणि मी वर म्हटले, "बरं झालं, आता अभ्यास कर." ते मी बोलायला नको होते. त्याने पुन्हा कधी गेमला हात लावला नाही.

सहा वर्षांपूर्वी मी तो माळ्यावरून काढला, तो यासाठी. रेकॉर्डिंग शीतलकडून शिकून घेतले, कारण एकदा रेकॉर्ड केलेले, कुणाच्या आईने बटण बंद केले तरी पुसले जात नाही. आजवर सदतीस वेळा मी किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचले आहे. आत एकदाही गेलेले नाही. जमत नाही असा कोणी अर्थ काढू नये, बोटे अजून शाबूत आहेत. आत जायचा मान माझा नाही.

५. कलम तीनमधल्या वस्तूंना एक अट आहे. विशालने माझ्या शेजारी सतरंजीवर बसावे. दारापर्यंत मी खेळून देईन, आत त्याने जावे. रेकॉर्डिंग चालू राहील.

वकीलसाहेब म्हणाले, "राधाताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तेव्हा तुम्ही शेजारी कशा बसणार?"

त्यांचे बरोबर आहे. म्हणून याची एक प्रत आजच विशालला पाठवत आहे.

लिहून ठेवणार: राधा रतन तांबे (सही)

राधाताईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. डॉ. बेव्हर्ली परेरा (सही)
२. अनिरुद्ध सामंत (सही)

जोगेश्वरी पूर्व, मुंबई
११ सप्टेंबर २०२५