पिस्ता की मोतिया

८ जुलै, सकाळी
आधी सगळ्यांची तब्येत. माझी ठणठणीत. बायकोचा, म्हणजे साळूचा, गुडघा कुरकुरतोय, जीभ बरी आहे. म्हैस चारा खाते. तेजस्विनी तिकडं मंचरला सासरी, सातवा सरत आला; पाय सुजतात म्हणे, बाकी पोरगी बरी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं बोरीत. १९ तारखेला, रविवारी येणार. मधली खोली तिला रंगवून ठेवतो. किरकोळ काम.

९ जुलै
भिंतीवर दोन पट्टे मारले. डावा पिस्ता, उजवा मोतिया. दोन्ही झकास. घाई करायची नाही. खोलीत कांदा आहे, बाजार चढला की काढू. साळू म्हणाली, आवो, आधी कांदा काढा, मग भिंतीला नटवा. तिला प्लॅनिंग कळत नाही.

११ जुलै, दुपार
पट्ट्यांवर धूळ बसू नये म्हणून दार-खिडकी गच्च बंद. कांद्याला वारा लागतो, हे मला कुणी शिकवू नये. जन्म गेला कांद्यात. पण हा विषय रंगाचा आहे.

१५ जुलै
दार उघडलं. पिस्त्याला घाण वास. दुकानदारानं हलका माल दिला. मोतिया फायनल.

१६ जुलै
मोतियालाही वास. शेजारचा गेणभाऊ नाकाला टॉवेल लावून म्हणाला, राव, रंग न्हाई, कांदा सडलाय तुमचा, उंबऱ्याखालनं पाणी चाललंय. गेणभाऊला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. उद्या दुसऱ्या दुकानातनं दोन्ही रंग आणून पुन्हा पट्टे.

१९ जुलै, रविवार
तेजस्विनी आली. खोलीच्या दारात गेली, पदर तोंडाला लावून मागं फिरली. अंगणात ओकली. म्हणाली, आबा, मी रंग कुठं मागितला व्हता, मला नुसतं तुमच्यापाशी राहायचं व्हतं. जावयांनी चहा न घेता गाडी वळवली. बाळंतपण आता मंचरलाच. साळूही पिशवी भरून तिच्यासंगं गेली. मी हात हलवला. काही वाटलं नाही. भाकरी होती, खाल्ली.

२२ जुलै
कांदा सगळा उकिरड्यावर टाकला. खोली धुतली. मोठी दिसते. साळूचा फोन आला, म्हणाली, पोरीपुढं रंगाचं नावसुद्धा काढू नका. नाही काढलं. व्हॉट्सअॅपवर तेजस्विनीला एवढंच लिहिलं: बाई, भिंत हाये तशी ठेवतो. खिडकी उघडी हाये. तू कधी येतीस, तेवढं लवकर कळव.