कोणाला कळवायचं

३ मे
पोहोचलो एकदाचा! तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे वीसेक घरं आणि हे पाहुणेघर. खोलीत पलंग, टेबल, खिडकीखाली ओढा. सकाळी डोंगराकडे तोंड करून हाक मारली, ती तीनदा परत आली. गावकरी ओट्यावर बसून नुसते ओठ हलवतात, आवाज म्हणून नाही. झकास! ताईच्या घरी भांड्यांपेक्षा माणसंच जास्त वाजतात. परवा चारचौघांत मला आयतोबा म्हणाली. पन्नाशीच्या भावाला! तडक बॅग भरली, कुणाला न सांगता निघालो.
नोंदवहीत शेवटचा रकाना होता : काही झाल्यास कोणाला कळवायचं? ठसक्यात लिहिलं, 'कोणी नाही'. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, अगदी नक्की.

४ मे
ताईला पत्र टाकलं. मजकूर नाही, नुसता इथला पत्ता. राग आहेच, पण तिने धावत यावं असंही वाटतं. लहानपणी मी रुसून लपलो की तीच शोधून काढायची.
संध्याकाळी पुन्हा हाक मारली. परत आली नाही. वारा असेल.

६ मे
चमचा फरशीवर पडला, आवाज नाही. दार आपटून पाहिलं, तेही मुकं.
आणि ओट्यावरची माणसं आता मला ऐकू येतात. एका म्हाताऱ्याने आपुलकीने विचारलं, तुम्हीही 'कोणी नाही' लिहिलंत का? आम्ही सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.
धावत जाऊन वही उघडली. खोडायला पेन फिरवलं, कागदावर रेघ उमटेना. मालकीणबाई शेजारीच होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

८ मे
ताई आली. दुखरे गुडघे घेऊन चढ चढली. मी तिच्यासमोर उभा— ओरडतोय— ती माझ्या आरपार खिडकीकडे बघते.
बाईंनी वही दाखवली. ताई म्हणाली, अक्षर त्याचंच. बराच वेळ तो रकाना वाचत राहिली. मग डोळे पुसले. म्हणाली, एवढी नकोशी झाले होते तर.
नाही गं—
माझी ही रोजनिशी उचलली तिने— पानं उलटली— म्हणाली, कोरीच आहे— ठेवून दिली—
बस लागली आहे. ती पायऱ्या उतरते आहे. ताई, मी लिहितोय, मला दिसतंय लिहिलेलं— एकदा मागे फिर, एकदाच बघ— त्या रकान्यात तुझंच नाव लि