वळणावरचा पडदा

विश्रामबाग, सांगली
६ जानेवारी २०२५

चि. कृष्णात यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोन केला की शिवांजली शेजारी असते आणि माझा आवाज कापला तर तिला लगेच कळतं, म्हणून हे पत्र. काल दुपारी एक गृहस्थ घरी आले. बोलणं गोड, हातात पेढ्यांचा पुडा. मॅडमच्या आई तुम्हीच ना, असं विचारत आत येऊन बसले. तुझी भाची ज्या परवानगीवर सही करत नाही ती यांचीच. साताऱ्याजवळ हायवेच्या वळणावर भला मोठा डिजिटल फलक उभारायचाय. झाडं लावून राखलेल्या पट्ट्यात, त्यातून वळणावर, हलत्या चित्रांचा फलक नियमात बसत नाही, हे तिचं म्हणणं. जाताना हसून म्हणाले, मॅडमची स्कूटर मामांच्या घराजवळचा उतार फार जोरात उतरते, सांभाळायला सांगा.

कृष्णात, त्यांना तुझं घर कसं ठाऊक? पेढे मी फेकून दिले आणि दाराला कडी लावून बसले. तिचे बाबा गेल्यापासून मला ही एकच. सरकारी नोकरीत सगळे ऐकत नाहीत का वरच्यांचं? सही करून मोकळी हो, म्हणून सांग तिला. तुझं ती ऐकते.

जीव टांगणीला आहे, लवकर लिही.
तुझी,
विजयमालाआक्का


सातारा
११ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
कृष्णातचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आन तुझं पटलं बी. मी फौजेत होतो तवा समोर कोण हाय ते म्हाईत असायचं. इथं गल्लीत अनोळखी गाडी थांबली तरी मी खिडकीआडनं बघतोय. काल शिवांजलीला सही कर म्हणायचं ठरवूनच तिच्यासंगं वळणावर गेलो.

त्या फलकवाल्या कंपनीनं चाचणीसाठी ट्रकवर तसलाच हलत्या चित्रांचा पडदा आणला होता. त्याच्या पुढची बहाव्याची झाडं तेवढी वाळलेली. बुंध्याला भोकं पाडून कुणी तरी कायतरी ओतलंय. दिवस मावळला तसा त्यांनी पडदा पेटवला. पांढराफेक उजेड, पापणी लवायच्या आत चित्र बदलतंय. तेवढ्यात दुचाकीवरनं एक जोडपं आलं, बाईच्या कडंला लेकरू. त्या गड्यानं पडद्याकडं बघितलं आन गाडी वळलीच न्हाई, सरळ कठड्यावर. लेकराला आईनं छातीशी धरलं म्हणून ते वाचलं. बापाचा हात मोडला. रस्ताच दिसला न्हाई, एवढंच तो बडबडत होता.

शिवांजलीनं पडदा बंद करायला लावला. कंपनीचा माणूस तिच्या तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढत होता. पर ती हलली न्हाई. घरी आलो, पर सही कर हे शब्द माझ्या तोंडातनं निघंनात. आता तूच सांग, काय बोलू?

धाकट्यावर माया असू दे.
तुझा,
कृष्णात


सातारा
१७ जानेवारी २०२५

ती. आईस,
शिवांजलीचा शि. सा. न.

मामांनी तुझं पत्र मला दाखवलं. रागावू नकोस त्यांच्यावर. मंगळवारी तुझा फोन आला. जेवलीस का, एवढं विचारून तू गप्प झालीस. सही कर म्हणाली नाहीस. मला कळलं गं, ते गप्प राहणं तुला किती जड गेलं असेल.

परवानगी नाकारली. झाडांचा पंचनामा झाला. तुझ्या घरी आलेल्या माणसाची पोलिसांत तक्रार दिली. आमच्या साहेबांनीही त्या नकारावर माझ्यापाठोपाठ सही केली, पण कंपनी वरपर्यंत जाईल असंही म्हणाले. पडद्याचा ट्रक मात्र वळणावरून हलला.

मला धीट समजू नकोस. बाहेर मोटारसायकल थांबली की मी आणि मामा घास हातात धरून बसतो. ती पुढे गेली की एकमेकांकडे न बघता जेवायला लागतो. त्या बाळाच्या आईचा फोन आला होता. बाळ आता उजेड दिसला की रडतं म्हणाली.

इथे येऊ नकोस, तिथेच सुरक्षित राहा, असं लिहायला बसले होते.

ये, आई.

तुझीच,
शिवांजली