रेतीची गोणी आणि आडवा वारा

सीवूड्स,
ता. ६ मे १९९७

चि. रंजितास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. विमान वाऱ्यात डुलतं म्हणून शेजारच्या सीटवर रेतीची गोणी ठेवलीस! इन्स्ट्रक्टरने तुला खाली उतरवलं ते बरं केलं. मी असते तर गोणी ठेवून तुला फेकलं असतं. आपल्या वाडवडलांनी रिकाम्या होडीत गोण्या टाकल्या, कारण होडीला आकाशात चढायचं नव्हतं.

जड विमान वाऱ्याच्या झोतांनी कमी हलतं, कबूल. पण त्याला धावपट्टीही लांब लागते. शिवाय एकसारखा आडवा वारा लहानमोठं बघत नाही. ओहोटीत आपली होडी आणि रेतीचा बार्ज सारखेच वाहतात. होडी फक्त जास्त हेलकावते. मोठं विमान वेगात असतं, लवकर पोचतं, म्हणून कमी सरकलेलं दिसतं. तू नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकी ये, टेकताना सरळ हो. माझं फिजिक्स जुनं आहे, इन्स्ट्रक्टरला विचार.

तुझा बाप म्हणतो, वीस तारखेच्या परीक्षेत नापास झालीस तर विमान बंद आणि लग्न. करंजाड्याचं स्थळ त्याने थांबवून ठेवलंय. तुझं वजन वाढावं म्हणून तुझी आई, आमची गोजरावहिनी, डिंकाचे लाडू पाठवतेय. वाटून टाक.

रागावले तरी तुझीच,
राहीआत्या

फ्लाइंग क्लब होस्टेल,
ता. २२ मे १९९७

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

लाडू इन्स्ट्रक्टरनेच संपवले. वीस तारखेला वारा आमच्या विमानाच्या मर्यादेबाहेर होता. डोळ्यांदेखत एक मोठं विमान आरामात उतरलं. परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. बाबा आठवले, करंजाडं आठवलं, तरी मी म्हणाले, आज उड्डाण नको. त्यांनी जांभई दिली आणि उद्या सकाळी या म्हणाले.

काल वारा आडवाच होता, पण बेताचा. आधी वाऱ्याकडचं एक चाक टेकलं, मग दुसरं. पास! बाबांना तूच सांग, माझी हिंमत नाही.

तुझी माया अशीच तिखट राहू दे.
रंजिता

सीवूड्स,
ता. २७ मे १९९७

चि. रंजितास, अ. उ. आ.

तुझ्या बापाला सांगितलं. एका चाकावर उतरली म्हणताच त्याने विचारलं, दुसरं मोडलं का? मग मला चार वेळा समजावून सांगायला लावलं.

रविवारी करंजाड्याची मंडळी आली. मी नकाराचं भाषण पाठ करून गेले होते. तुझ्या बापाने, गोटीरामने, मला तोंडच उघडू दिलं नाही. पोह्यांची बशी विमान, टेबल धावपट्टी. तासभर बशी तिरकी आणत होता. शेवटच्या खेपेला पोहे नवऱ्या मुलाच्या मामाच्या मांडीवर उतरले. मंडळी चहा न घेताच उठली. तुझा बाप बशी धरून जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेला, कुठलं चाक आधी टेकतं ते सांगत.

पत्र वेळेवर टाकत जा.
राहीआत्या